नव्या प्लेयरांना लेव्हल किती पटापट द्यायची? नवीन डीएमसाठी पायरी पायरीने

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, कॅरेक्टर घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) घरी सुरू करायचं म्हटलं की चार मित्र जमतात, डाइस ऑनलाइन मिळतात, फोंड्याला कुणाच्या तरी बाल्कांवात (ओसरीवर) टेबल लागतं, पण दोन सेशन झाले की प्लेयर विचारायला लागतात, लेव्हल कधी देणार? आणि डीएमकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरकडे, उत्तर नसतं. माझं मत सरळ आहे, पहिल्या दोन लेव्हल झटपट उरकायच्या, खरा मुक्काम तिसरीवर करायचा. आकडे सगळे पाचव्या आवृत्तीचे देतोय, म्हणजे 2014 ची.

पहिली पायरी, लेव्हल 1 किती कच्ची असते ते आधी बघून घ्या. विझार्ड (जादूगार) घ्या, कॉन्स्टिट्यूशनचे (काटकपणाचे) 2 धरून त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल ते, होतात 8. साधा गॉब्लिन एका फटक्यात सरासरी 5 काढतो, म्हणजे दोन फटके बसले की विझार्ड आडवा, आणि क्रिटिकल (दुप्पट डाइसचा फटका) लागला तर एकाच फटक्यात 14 पर्यंत जातात. जी पोर आठवडाभर कॅरेक्टरची गोष्ट लिहून आलीय ती अर्ध्या तासात जमिनीवर पडून डेथ सेव्ह (जगणार की मरणार ते ठरवणारे डाइस) टाकत बसणार, पुढच्या शनिवारी ती येईल का सांगा. तोच विझार्ड तिसऱ्या लेव्हलला 20 हिट पॉइंटवर असतो, तेव्हा एखादी चूक पचते.

दुसरी पायरी, एक्सपी (अनुभवाचे गुण) मोजायचं की नाही ते पहिल्या दिवशीच ठरवा. पुस्तकाप्रमाणे लेव्हल 2 ला 300 एक्सपी, 3 ला 900, 4 ला 2700, 5 ला 6500. गॉब्लिनचे 50, ते चौघांत वाटायचे, म्हणजे नुसते गॉब्लिन मारून सगळ्यांना दुसरी लेव्हल हवी तर 24 गॉब्लिन कापावे लागतील! आणि एक्सपी फक्त मारामारीचे दिले की प्लेयर दिसेल त्याला मारत सुटतात, बोलून काम होत असलं तरी. नवीन ग्रुपला माइलस्टोनच बरा, गोष्टीतलं एक काम तडीस नेलं की सगळ्यांना लेव्हल. डीएमच्या पुस्तकातसुद्धा सेशनवर लेव्हल द्यायची सोय आहे: पहिल्या सेशननंतर दुसरी, आणखी एका सेशननंतर तिसरी, मग दोन सेशननी चौथी, त्यापुढे दर दोन-तीन सेशनना एक.

तिसरी पायरी, कामं छोटी आणि उघड ठेवा. आपल्याकडचंच घ्या ना, गोष्टी हव्या तितक्या आहेत. रात्री कोणीतरी मानशीचं (बांधातल्या पाण्याच्या झडपेचं) दार उघडं टाकतंय, खारं पाणी खाजनात (खाडीकाठच्या शेतात) शिरतंय, गावकार वैतागलेत. पहिलं सेशन: पहारा करा, कोण ते शोधा. तीन-चार गॉब्लिन बांधावरून येतात, पण सगळे एकदम नको, आधी दोन पाठवा, एक पळून जाऊ द्या. दार बंद झालं की लेव्हल 2. दुसरं सेशन: गॉब्लिनांनी जागेच्या देवचाराला (राखणदाराला) डिवचलंय, त्याची समजूत काढायची, आणि ती रोट (जाड भाकरी) आणि सोरो (दारू) ठेवूनही निघते, तलवारच काढायला पाहिजे असं नाही. तो शांत झाला की लेव्हल 3. सेशन चार-पाच तास चालणार असेल तर हे आरामात बसतं. दोनच तास मिळत असतील तर प्रत्येक लेव्हलला दोन सेशन द्या.

चौथी पायरी, तिसरीवर थांबा. 2014 मध्ये क्लेरिक, सॉर्सरर, वॉरलॉक पहिल्यालाच सबक्लास (आपल्या प्रकारातली खास शाखा) निवडतात, विझार्ड आणि ड्रुइड दुसऱ्याला, बाकीचे तिसऱ्याला. 2024 च्या नियमांत सगळेच तिसऱ्याला. म्हणजे प्लेयरच्या डोक्यात जे कॅरेक्टर होतं ते खरं म्हणजे इथे तयार होतं, आणि त्याच वेळी शीटवर (कॅरेक्टरच्या माहितीच्या कागदावर) एकदम पाच-सहा नव्या ओळी येतात. त्या वापरायला वेळ द्या. चौथीला घाई करू नका, तीन-चार सेशन गेले तरी चालेल (पुस्तक दोन म्हणतं, मला ते कमी वाटतं). कधी द्यायची त्याची माझी खूण अशी, फायटरवाला न विचारता सेकंड विंड (स्वतःचे हिट पॉइंट भरून काढायची सोय) वापरतो का, विझार्डवाली किती स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) उरले ते स्वतः सांगते का. अजून "मी काय करू शकतो?" चाललंय तर थांबा.

आता जुने खेळाडू म्हणतील, आमच्या वेळी पहिल्या लेव्हलला घाम गाळावा लागायचा. खरंय, 1981 च्या बेसिक नियमांत थीफला दुसऱ्या लेव्हलला 1200 लागायचे, फायटरला 2000, मॅजिक-यूजरला 2500, पण तिथे सोन्याच्या नाण्यागणिक एक्सपी मिळायचा आणि कॅरेक्टर मेलं तर दुसरं दहा मिनिटांत तयार व्हायचं. आज नवख्याला शीट भरायलाच तासभर लागतो, तो मेला की संध्याकाळ गेली.

पाचवी पायरी, लेव्हल सगळ्यांना एकदम द्या, आला नाही त्यालाही. चवथीला (गणेशचतुर्थीला) कोणी गावच्या घरी जाणार, कोणाची जत्रा, कोणी बोटीवर कामाला म्हणून सहा महिने गायब. मागे ठेवलं तर परत आल्यावर तो लेव्हल 1 चा आणि बाकी चौथीचे, मग त्याने नुसती पातळ भाजी खात बघत बसायचं का? आणि लेव्हल सेशन संपताना जाहीर करा, मध्येच नको, नाहीतर सगळे शीटमध्ये डोकं घालतात आणि खेळ थांबतो. शीट घरून भरून आणा म्हणून ग्रुपवर मेसेज टाका, दोन दिवस आधी आठवण करा.

पाचव्या लेव्हलला मात्र सावकाश या. तिथे फायटरला दुसरा हल्ला मिळतो, विझार्डला फायरबॉल, 8 डी 6 (सहा बाजूंचे आठ डाइस), सरासरी 28, म्हणजे 7 हिट पॉइंटचे गॉब्लिन ढिगाने जळून जातात आणि तुम्ही मांडलेली लढाई एका राउंडमध्ये संपते. तोपर्यंत मोठे शत्रू वहीत तयार ठेवा, नसतील तर आणखी दोन सेशन चौथीवरच काढा.