कोनाडा ओतला त्याची गोष्ट

बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिल्पकलेला प्रवेश मिळाला तेव्हा आजी म्हणाली, "म्हणजे गणपती करणार ना?" माझ्याही डोक्यात फारसं वेगळं नव्हतं. पुढे 'राहत्या जागेवरून काहीतरी करा' असं काम मिळालं आणि मी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचं छोटं मॉडेल घेऊन गेलो, खिडक्यांच्या गजांसकट. सरांनी ते फिरवून पाहिलं. "बिल्डरच्या ऑफिसात छान दिसेल."

नवीन येणारी बरीच मुलं इथेच अडकतात. घर घ्यायचं म्हणजे घराची नक्कल करायची असं वाटतं.

मला वाट सापडली ती लायब्ररीत. लंडनमध्ये शिल्पकार रेचल व्हाइटरीडने १९९३ साली पाडायला काढलेल्या एका घरात आतून काँक्रीट फवारलं आणि मग बाहेरच्या भिंती उतरवल्या. उरली ती खोल्यांमधली पोकळी, घट्ट झालेली. जानेवारी १९९४ मध्ये तेही पाडलं गेलं. फोटो पाहून मी घरी आलो आणि थेट देवघराशेजारच्या कोनाड्यात हात घातला.

तोंडाशी फळी लावली, वर फट ठेवली, कडा शाडूने लिंपल्या, आत साबणपाण्याचा हात फिरवला आणि प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं. निघेचना! जुना कोनाडा आतून रुंद, तोंडाशी अरुंद. त्यात प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं, म्हणजे आणखीच आवळून बसलेलं. छिन्नीने फोडून काढताना चुन्याचा टवकाही आला. आजी दोन दिवस बोलली नाही.

उपाय सांगितला शेजारी काम करणाऱ्या कडियाकाकांनी. (बडोद्यात आम्ही गवंड्याला कडियाच म्हणतो.) तीन तुकड्यांत ओत, मधला पाचरीसारखा, तो आधी बाहेर काढायचा, मग बाजूचे मध्ये सरकवून काढायचे. माझ्या मते पहिल्या वर्षी आठवड्यातली एक दुपार तरी चालू बांधकामावर घालवावी. ओळंबा, थापी, शटरिंगची (काँक्रीट ओतायच्या साच्याची) खिळपट्टी हे सगळं तिथे फुकट शिकायला मिळतं. भंगारवाल्यांशीही ओळख ठेवा. आमच्या फॅकल्टीचे राघव कनेरिया १९६०च्या दशकातच भंगार लोखंड वेल्ड करून शिल्पं करत होते.

प्लास्टर कालवताना आधी पाणी घ्या, मग त्यात पावडर भुरभुरवा. ती पाण्याच्या वर बेटांसारखी दिसू लागली की थांबा आणि मगच ढवळा. सिमेंटचं काम असेल तर सात दिवस ओलं गोणपाट घालून ठेवा. आणि वजनाचा हिशोब आधी करा: एक घनफूट काँक्रीट साधारण ६८ किलो भरतं. वरच्या मजल्यावर ओतून बसलात तर उतरवायला मित्र सापडत नाहीत.

दुसऱ्या खेपेला तिन्ही तुकडे सुटे आले. जोडल्यावर वरच्या बाजूला काळा डाग दिसला. कोनाड्यातल्या दिव्याची काजळी साबणालाही न जुमानता प्लास्टरवर उतरली होती. मी ओलं फडकं घेऊन पुसायला निघालो, तर आजी म्हणाली, "राहू दे की, पन्नास वर्षं तेल मी घातलंय."