ब्रेक्झिटच्या कोंडीतली मतं कशी मोजायची
ब्रेक्झिटवर, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्यावर, 2019 मध्ये ब्रिटिश कॉमन्समध्ये (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) झालेल्या मतदानाचे आकडे वाचताना एकूण 650 सदस्यांचा निम्मा धरू नका. गणित तिथेच चुकतं. सभापती आणि तीन उपसभापती मत देत नाहीत, शिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे सात जण सभागृहात बसतच नाहीत. मतं मोजणारे चार सदस्यही वगळा. उरले 635, सगळे हजर असले, तर बहुमताला 318 पुरतात.

मग तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या ब्रेक्झिट कराराचे पराभव मांडा: 15 जानेवारीला 230 मतांनी, 12 मार्चला 149, 29 मार्चला 58. विरोध ओसरला म्हणायची घाई नको; तिसऱ्यांदा राजकीय घोषणापत्र (युरोपीय संघाशी पुढच्या संबंधांचा मसुदा) वगळून फक्त माघारीचा करार मांडला होता.

1 एप्रिलला तटस्थ किती, तेही पाहा. मे यांच्या कराराऐवजी मांडलेला, युरोपीय संघाशी सीमाशुल्क संघ (आपसात सीमाशुल्क नाही, बाहेरच्यांना समान दर) ठेवण्याचा पर्याय 273 विरुद्ध 276 असा पडला, आणि मंत्रिमंडळ मतदानापासून दूर होतं.