व्हॉल्व्हच्या स्टिरिओचा हीटर ६.३ वर आणताना

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. दोन्ही बाजूंना पॉवरलूम, त्यामुळे दिवसा गाणं लावून उपयोग नाही. मी ऐकतो रात्री, माग थांबल्यावर. आणि नेमका तेव्हाच लाईनचा व्होल्टेज चढतो. दिवसा २३२ असतो, रात्री २४६ पर्यंत जातो. माझा व्हॉल्व्हचा जर्मन रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र) २२० व्होल्टचा. व्हॉल्व्हमध्ये इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड तापवते ती तार म्हणजे हीटर, तिला ६.३ व्होल्ट लागतात. ६.३ गुणिले २४६ भागिले २२० करा, हीटरवर ७.०४ येतात.

दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ६.९ ही वरची हद्द. मी पाच टक्क्यांत ठेवतो, साधारण ६.० ते ६.६. जास्त झालं की व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. मुद्दाम कमी ठेवला तर व्हॉल्व्ह जास्त टिकतो असं सांगणारेही भेटतात, त्यांचं ऐकू नका. अर्धवट तापलेल्या कॅथोडकडून पुरा करंट ओढला तर तोही बिघडतो.

आधी नीट मोजा. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरवर एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची असते. त्यावर ६.३ मोजणं म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलणं. २० व्होल्ट किंवा त्याहून लहान एसी रेंजचा मीटर मागून आणा. सेटचा प्लग काढा, फिल्टर कॅपॅसिटर (बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवणारे) १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरने खात्री करा. आत ३०० व्होल्ट डीसी असतात, गंमत नाही. मग मीटरच्या वायरी क्रोकोडाइल क्लिपने सॉकेटवर लावा. ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हला पिन ४ आणि ५. ईसीसी८३ या छोट्या सिग्नल व्हॉल्व्हला ४ व ५ जोडलेल्या असतात, त्या आणि ९ यांच्यामध्ये. पिना खालून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. सगळे व्हॉल्व्ह जागेवर हवेत, नाहीतर लोडशिवायचं खोटं रीडिंग येतं. सेट चालू करा, हात लांब, दहा मिनिटं थांबा. आणि हे ज्या वेळी तुम्ही ऐकता त्याच वेळी करा. दुपारी मोजून मी स्वतः दोन महिने फसलो होतो.

मागच्या पट्टीवर २४० ची खूण असेल तर व्होल्टेज सिलेक्टर तिकडे फिरवा, काम संपलं. माझ्या सेटला ती नव्हती.

मग मी १८ व्होल्ट, २ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर आणला. त्याची प्रायमरी मेन्सवर, सेकंडरी फेजमध्ये सिरीजला, उलट्या फेजने, म्हणजे तिचे व्होल्ट मेन्समधून वजा होतात. सेट १२० वॅटचा, म्हणजे जेमतेम अर्धा अँपिअर, तेव्हा २ अँपिअर भरपूर झाले. सेट लगेच जोडू नका, ६० वॅटचा बल्ब लावून मोजा. २४६ चे २२७ च्या आसपास झाले तर बरोबर. वाढून २६५ झाले तर सेकंडरीच्या दोन वायरी अदलाबदल करा. माझ्याकडे पहिल्यांदा वाढलेच होते. सेकंडरीवर आता मेन्सचाच शॉक बसतो, म्हणून सगळं बंद डब्यात, अर्थिंग आणि फ्यूजसह. यात हीटरबरोबर एचटी, म्हणजे व्हॉल्व्हचा ३०० व्होल्टचा डीसी पुरवठा, तीही उतरते, म्हणून मला हाच मार्ग पटतो. आता दिवसा ६.१, रात्री ६.५ मिळतात.

एचटी बरोबर असून फक्त हीटरच जास्त असेल तेव्हा रेझिस्टर. माझ्या दुसऱ्या सेटचा ट्रान्सफॉर्मर इथेच एकाकडून गुंडाळून घेतला होता. हीटरच्या वाइंडिंगला वेढे जास्त पडले, ६.८ आले. चार ईएल८४ चे ३.०४ अँपिअर, चार ईसीसी८३ चे १.२, ट्यूनरच्या ईसीसी८५ चे ०.४३, मिळून ४.७ च्या आसपास. अर्धा व्होल्ट उतरवायला ०.१ ओहम पुरे. तो एकाच वायरीत घालू नका, समतोल बिघडून स्पीकरमधून हम (गुणगुण) येते. दोन्ही वायरींत ०.०५ हवेत. तसा रेझिस्टर दुकानात मिळेना, म्हणून ०.१ ओहम, ५ वॅटचे दोन-दोन पॅरलल केले. सगळे मिळून सव्वादोन वॅट खातात, तेव्हा हाताला गरम लागतील. त्यांना मेणाच्या कॅपॅसिटरपासून चार बोटं लांब बसवा.