चार केबल टाकल्या, तरी कॉपी ११२ वरच का अडते?

"ताई, पैसे चार केबलचे घेतलेत आणि स्पीड एकीचाच?" प्रभादेवीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधून छपाईवाल्या शेठचा फोन. तळमजल्याच्या गाळ्यात त्यांचा स्टोरेज सर्व्हर, दुसऱ्या मजल्यावर डिझायनर. मधल्या डक्टमधून मी एकेक गिगाबिटच्या चार केबल ओढून दोन्ही मजल्यांच्या स्विचवर त्यांचा ग्रुप केला होता, म्हणजे चारही मिळून एकच जोडणी. "चार गिगा होईल" असं मीच बोलून बसले होते, त्यामुळे शेठ चिडले ते बरोबरच होतं.

आधी आकडा समजून घ्या. विंडोज कॉपी करताना सेकंदाला ११२ एमबी दाखवतं ते बाइटमध्ये, केबलचा वेग मोजतात बिटमध्ये. ८ ने गुणलं, विंडोजचा १०२४ चा हिशेब धरला, की ९४० मेगाबिटच्या आसपास येतं. हजारातले उरलेले हेडरमध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरच्या (पॅकेटवरच्या) पत्त्याच्या चिठ्ठीत जातात. म्हणजे शेठची एक केबल अगदी पूर्ण भरून चालली होती आणि बाकीच्या तीन नुसत्या बघत होत्या.

ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाइन २०२२ मध्ये सुरू झाली, म्हणून तुमची लोकल काही दीडपट वेगाने धावत नाही. गाड्यांना जागा जास्त मिळाली, इतकंच. एक गाडी एकाच रुळावरून जाणार. स्विचचंही तसंच: एका मशीनचं दुसऱ्या मशीनशी चाललेलं एक संभाषण एकाच केबलवरून जातं. पॅकेट चार केबलवर उधळली तर ती मागेपुढे पोचतील, म्हणून हा नियम मुद्दाम ठेवलेला आहे. म्हणून केबल मोजण्याआधी एका वेळी किती जण बोलतायत ते मोजा.

पण शेठकडे चार डिझायनर होते आणि चौघं एकदम कॉपी करत असतानाही बेरीज ११२ च्या वर जाईना! इथे मात्र मी गडबडले. दोन्ही स्विचवर एकेका पोर्टचे काउंटर, म्हणजे किती डेटा गेला त्याचे आकडे, उघडून बसले. ही सवय लावून घ्याच. ग्रुपचा एकत्र आकडा काही सांगत नाही, प्रत्येक पोर्ट वेगळं बघायचं. एकच पोर्ट धावत होतं.

कोणती केबल वापरायची हे स्विच पत्त्यांवरून ठरवतो, त्याला हॅश म्हणतात. मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता), आयपी (नेटवर्कवर मशीनला दिलेला पत्ता) किंवा आयपी आणि पोर्ट नंबर (स्विचचं भोक नव्हे, संभाषण ओळखायचा आकडा) मिळून, जे सेटिंग असेल ते. सूत्र कंपनीगणिक बदलतं. शेठच्या स्विचवर आयपीचं सेटिंग होतं, आणि साध्या सूत्रात चार केबल असतील तर खेळ आयपीतल्या शेवटच्या टिंबानंतरच्या अख्ख्या आकड्याला ४ ने भागून उरणाऱ्या बाकीवर येतो. सर्व्हरचा आकडा ठरलेला, बदलतात ते डिझायनरचे. मी हौसेने प्रत्येक टेबलाला चार नंबर राखून ठेवले होते: पीसी, फोन, प्रिंटर, एक मोकळा. पीसी झाले २०, २४, २८, ३२. चौघांची बाकी शून्य, चौघं एकाच केबलवर! नीटनेटकेपणा नडला. नंबर २१ ते २४ केले आणि चारही पोर्ट हलले. तुमच्या स्विचमध्ये पोर्ट नंबर धरून हॅश करायची सोय असेल तर तीच घ्या, ही कटकट टळते. बदल दोन्ही स्विचवर करा, कारण जो पाठवतो तो आपल्या बाजूची केबल निवडतो. खालच्या स्विचने नीट वाटणी केली म्हणून वरचा करेलच असं नाही.

मॅकचं सेटिंग असेल आणि मध्ये राउटर असेल तर आणखी वेगळी फसगत. राउटरमधून बाहेर पडणाऱ्या सगळ्या फ्रेमवर (मॅक पत्ता लावलेल्या पाकिटांवर) पाठवणारा म्हणून राउटरचाच मॅक, आणि पलीकडे एकच सर्व्हर असेल तर पत्त्यांची जोडी एकच, केबलही एकच.

जोडणी करताना आधी दोन्हीकडे ग्रुप बनवा, मग केबल लावा. उलट केलंत आणि स्पॅनिंग ट्री (जादा रस्ते आपोआप बंद ठेवणारी स्विचची सोय) बंद असेल, तर लूप होऊन, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहून, सगळं ऑफिस ठप्प होतं. एलएसीपी, म्हणजे दोन स्विचनी आपसात बोलून ग्रुप जमवायची पद्धत, वापरा, निदान एक बाजू अ‍ॅक्टिव्ह (आपणहून बोलणारी) ठेवा. दोन्ही पॅसिव्ह असल्या तर दोघं "आधी तू बोल" करत बसतात. सर्व्हरचं स्वतःचं पोर्ट एक गिगाचं असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ. शेठच्या सर्व्हरला दहा गिगाचं होतं.

आणि डक्टमधले उंदीर विसरू नका. एक केबल गेली तर बोंब होत नाही, चाराचे तीन गिगा होतात आणि कुणाला कळतही नाही. कुरतडलेल्या केबलचं पोर्ट शंभर मेगाबिटवर घसरलं तर तेही ग्रुपबाहेर पडतं, कारण ग्रुपमध्ये सगळ्यांचा वेग सारखा लागतो. महिन्यातून एकदा किती पोर्ट ग्रुपमध्ये आहेत ते बघा.

शेठनी मग विचारलं, "आठ करू या का?" पण त्यांची खरी तक्रार रात्रीच्या एका बॅकअपची होती, एका पीसीवरून. त्याला आठ केबल काय, सोळा घातल्या तरी ११२ च. मी दहा गिगाच्या पोर्टचा स्विच वर लावला, मध्ये एक फायबर ओढली आणि त्या पीसीत दहा गिगाचं कार्ड घातलं. जुन्या चार केबल दोन्ही टोकांना काढून ठेवल्या. त्यातली एक आता जिन्यातल्या कॅमेऱ्याला लावली आहे.