शालेय ग्रंथपालांनो, अधिवेशनाला आणि परिषदेला जाताना या चुका टाळा

शाळेत मराठीचे चार शिक्षक असतात, गणिताचे तीन. ग्रंथपाल एकच, आणि बऱ्याच ठिकाणी तोही अर्धवेळ. दाखल रजिस्टरात, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या वहीत, एकाच क्रमांकावर दोन पुस्तकं चढली तर काय करायचं, बदली होऊन गेलेल्या शिक्षकाकडची पुस्तकं कोणाच्या नावावर दाखवायची, हे विचारायला स्टाफरूममध्ये दुसरं माणूस नसतं. म्हणून जिल्ह्याचा मेळावा, वार्षिक अधिवेशन किंवा एक दिवसाची कार्यशाळा याची गरज शालेय ग्रंथपालाला कोणत्याही शिक्षकापेक्षा जास्त आहे. तरीही दरवर्षी तेच होतं. मंडळी फाईल, पेन आणि प्रमाणपत्र घेऊन परततात आणि जाताना जी अडचण टेबलावर होती, ती तशीच तिथे असते. त्यामागच्या चुका ठरलेल्या आहेत.

अधिवेशन कोणाचं आहे हे न पाहता नाव नोंदवणं

पत्रिकेवर ‘ग्रंथालय’ हा शब्द दिसला की ते आपलंच, असं नसतं. गावातलं सार्वजनिक वाचनालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली चालतं. त्याचा कारभार ग्रंथालय संचालनालयाकडे, म्हणजे उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे. शाळेचा ग्रंथपाल शालेय शिक्षण विभागाचा. त्याची सेवा खाजगी शाळांसाठीच्या १९७७च्या अधिनियमाखाली आणि १९८१च्या नियमावलीखाली येते, आणि त्याचा कागद शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या टेबलावर जातो. सार्वजनिक ग्रंथालयांच्या अधिवेशनात वाचनालयांचे अ-ब-क-ड वर्ग, वरच्या वर्गात जाणं म्हणजे दर्जावाढ, आणि वाचनालय चालवण्यासाठीचं परिरक्षण अनुदान यांवर चर्चा होते. ती त्यांच्या जिव्हाळ्याची आहे, पण तुमच्या वेतनाशी किंवा पदाशी तिचा संबंध नाही.

अशा अधिवेशनाला जाऊ नका, असं मुळीच नाही. बाइंडिंग, वाळवीचा बंदोबस्त, बालविभाग, वाचन उपक्रम यांत ही मंडळी अनेकदा आपल्यापेक्षा पुढे असतात. तिथून नियम मात्र उचलू नका. सर्वांत जास्त घोळ निर्लेखनात, म्हणजे जुनी पुस्तकं नोंदीतून काढून टाकण्यात होतो. वाचनालयाचा कार्यकर्ता चहा पिता पिता सांगतो, ‘आम्ही असं असं करून जुनी पुस्तकं काढली.’ ते ऐकून शाळेतली फाटकी पुस्तकं रद्दीत जातात आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. शाळेत पुस्तक काढण्याआधी दाखल रजिस्टरात ते कोणत्या निधीतून आलं ते पाहावं लागतं. शासकीय अनुदान, संस्थेचा पैसा, देणगी की शालेय शुल्क, यावर परवानगी कोणाची लागणार ते ठरतं. मग दाखल क्रमांक, किंमत आणि कारण लिहिलेली यादी, मुख्याध्यापकांची सही, शाळा समितीचा ठराव, आणि सगळ्यात शेवटी रजिस्टरच्या शेरा रकान्यात ठराव क्रमांक आणि तारीख. हा क्रम उलटा केला की निस्तरायला महिने जातात.

महाविद्यालयांत भरणाऱ्या ‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ चर्चासत्रांचंही पाहून घ्या. शुल्क भरा, निबंध पाठवा, आयएसबीएन असलेल्या ग्रंथात छापू, असं पत्रक आलं की नवीन मंडळी लगेच पैसे पाठवतात. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, आयएसएसएन हा नियतकालिकाचा. दोन्हींतून मजकुराचा दर्जा कळत नाही. शोधनिबंधांवर गुण मोजायची पद्धत महाविद्यालयांतल्या पदोन्नतीची आहे, शाळेची नाही. विषय तुमच्या कामाचा असेल तर जरूर जा. नुसत्या प्रमाणपत्रासाठी पैसे घालवणं मला अजिबात पटत नाही.

परवानगी तोंडी घेणं

‘सरांना बोललोय, ते हो म्हणालेत’ हे वाक्य फार महागात पडतं. मुख्याध्यापक प्रामाणिकपणे हो म्हणालेले असतात. पण त्या दिवशी ते स्वतः बैठकीला जातात, मस्टर पर्यवेक्षकांसमोर येतं आणि तुमच्या रकान्यात किरकोळ रजा पडते. परत आल्यावर प्रमाणपत्र दाखवून ती खोडायला लावायची म्हणजे मस्टरात खाडाखोड, आणि ती कोणालाच नको असते.

पत्रिका हातात आली की त्याच दिवशी अर्ज लिहावा. दोन प्रती, सोबत पत्रिकेची झेरॉक्स. अर्जात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कार्यक्रमाच्या तारखा, प्रवासाचा दिवस वेगळा लागतो का, अनुपस्थिती कर्तव्यार्थ (रजा न मांडता कामावरच) धरावी ही विनंती, आणि त्या दिवसांत देवघेव कोण पाहणार. चौथा मुद्दा बहुतेक जण सोडतात, आणि नकार नेमका तिथेच येतो. मुख्याध्यापकांना ग्रंथालयाचे तास मोकळे पडण्याची काळजी असते. कोणत्या वर्गाचा तास कोण घेईल, किल्ली कोणाकडे राहील, हे त्या शिक्षकाशी आधीच बोलून त्याच्या सहीनिशी लिहून द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. संस्थेचीही परवानगी लागत असेल तर अर्ज मुख्याध्यापकांमार्फतच जाऊ द्या. परस्पर सचिवांना फोन केला तर काम होतं, पण पुढच्या वर्षीची परवानगी अवघड होऊन बसते.

प्रवासखर्चाचंही तिकीट काढण्याआधीच विचारा. शाळा देणार असेल तर तसं परवानगीपत्रात लिहून घ्या आणि नोंदणी शुल्काची पावती शाळेच्या नावाने मागा. पावती स्वतःच्या नावाने घेतली की लेखनिक ती बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नसते. परतल्यावर पहिल्याच कामाच्या दिवशी उपस्थिती प्रमाणपत्राची झेरॉक्स अर्जाचा आवक क्रमांक लिहून कार्यालयात द्यायची आणि मस्टरची नोंद आपल्या डोळ्यांनी पाहायची.

तारखांचंही भान हवं. जूनमध्ये पाठ्यपुस्तक वाटप ग्रंथपालाच्याच गळ्यात असतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो आणि त्या दिवशी ग्रंथपाल शाळेतच हवा. तेव्हा सुट्टी मागून नकार मिळाला तर मुख्याध्यापकांना बोल लावू नये.

सॉफ्टवेअरच्या स्टॉलवर पडदा पाहून होकार देणं

ही चूक सर्वांत मोठी, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो. अधिवेशनाच्या मंडपाबाहेर सॉफ्टवेअरचे स्टॉल असतात. विक्रेता बारकोड स्कॅन करतो, पुस्तक क्षणात विद्यार्थ्याच्या नावावर चढतं, मराठी नावं सुंदर दिसतात. ग्रंथपाल परत येऊन संस्थेला पटवतो.

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत असंच झालं. ग्रंथपालबाईंनी साडेचार हजार पुस्तकांची यादी दोन वर्षं खपून एक्सेलमध्ये टाइप केली होती, पण जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतात) नव्हे. स्टॉलवर ‘तुमची यादी आम्ही जशीच्या तशी आत घेऊ’ असं सांगितलं गेलं आणि आगाऊ रक्कम दिली गेली. यादी आत गेली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला उमटला. जुन्या फॉन्टमध्ये संगणकात साठतात ती इंग्रजी अक्षरांची सांकेतिक मूल्यं, देवनागरी असतो तो फक्त वरचा आकार. त्या संगणकावर फॉन्ट बसवून नावं दिसायला लागली, पण शोध चालेना, कारण शोधताना मुलं युनिकोडमध्ये टाइप करत होती. मग घाईने यादी रूपांतरित केली. त्यात पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडून भलत्याच अक्षरांवर बसले, कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात. पुढे ती यादी साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या मजकूर फाईलमध्ये) जतन केली तेव्हा देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं आली. शेवटचा घाव दाखल क्रमांकांचा. एक्सेलने ००१२५ मधली सुरुवातीची शून्यं खाऊन १२५ केलं. स्टिकर मात्र रजिस्टरावरून आधीच छापून चिकटवलेले होते, त्यामुळे स्कॅन केलेलं एकही पुस्तक यादीत सापडेना. बाईंनी सगळी यादी पुन्हा टाइप केली.

यातला प्रत्येक टप्पा अधिवेशनाच्या मांडवातच पकडता आला असता. जाताना पेनड्राइव्हवर आपल्याच ग्रंथालयातल्या पंचवीस नोंदी न्या, आणि त्या अवघड निवडा: ‘ऱ्य’, ‘र्क’, ‘ज्ञ’, ‘श्री’ असलेली शीर्षकं, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती, तीन खंडांचा संच, आद्याक्षरांनी लिहिणारा लेखक, किंमत नसलेलं देणगीचं पुस्तक, आणि ८९१.४६३ असा मराठी कथा-कादंबरीचा ड्युई वर्गांक (ड्युई पद्धतीचा विषयक्रमांक). मजकूर युनिकोडमध्येच हवा, दाखल क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवायचा आणि फाईल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात जतन करायची. मग विक्रेत्याला सांगा, हे आत्ता माझ्यासमोर आत घ्या. लेखकाचं नाव आद्याक्षरांमध्ये जागा सोडून आणि न सोडता, दोन्ही प्रकारे शोधून पाहा. त्यानंतर तीच यादी बाहेर काढून मागा, एक्सेलमध्ये आणि मार्क २१ मध्ये, म्हणजे ग्रंथालयांच्या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात. त्या साच्यातल्या २४५ क्रमांकाच्या रकान्यात शीर्षक, १०० मध्ये लेखक, ०८२ मध्ये वर्गांक नीट आलेत का पाहा. नोंदी आत घेणारं पण बाहेर न देणारं सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये, कारण कंपनी बंद पडली की तुमचं ग्रंथालय तिच्याबरोबर जातं.

दरवर्षी देखभालीचे किती, बॅकअप कोण घेणार, संगणक बदलला तर पुन्हा बसवण्याचे पैसे पडणार का, हे लेखी मागा. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि एनआयसीचं, म्हणजे केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, ई-ग्रंथालय शासकीय ग्रंथालयांना विनामूल्य मिळतं, पण ‘फुकट आहे’ एवढ्यावर उडी मारू नका. कोहाला लिनक्स सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. जवळच्या कोणत्या शाळेत ते रोज वापरतात हे अधिवेशनात शोधा आणि एक दिवस तिथे जाऊन बसा. स्टॉलवरच्या दहा मिनिटांपेक्षा त्या एका दिवसात जास्त कळतं.

ग्रुपमध्ये अर्धवट प्रश्न टाकणं

अधिवेशन संपलं की व्हॉट्सअॅप ग्रुप होतो. आठवड्यात तो सुप्रभात आणि पीडीएफनी भरतो आणि कामाचा प्रश्न खाली बुडतो. त्याला प्रश्न विचारणाऱ्यांचाही हातभार असतो. ‘पडताळणीत (रजिस्टराशी पुस्तकं ताडून मोजताना) पुस्तकं कमी आली, काय करू?’ याला बारा लोक बारा उत्तरं देतात, कारण कोणालाच परिस्थिती कळलेली नसते. शाळा अनुदानित की विनाअनुदानित, एकूण पुस्तकं किती, मागची पडताळणी कधी झाली, कमी आलेली किती, त्यातली किती देवघेवीत अडकलीत आणि पदभार घेताना यादी झाली होती का, एवढं लिहा. मग अनुभवी माणूस थांबून उत्तर देतो. उत्तरात शासन निर्णयाचा उल्लेख आला तर क्रमांक आणि तारीख मागायची, आणि तो शासनाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून पूर्ण वाचायचा. फिरत आलेल्या फोटोत पहिलंच पान असतं आणि अट तिसऱ्या पानावर असते.

तसं पाहता दोनशे जणांच्या ग्रुपपेक्षा फोन उचलणारे तीन ग्रंथपाल जास्त उपयोगी पडतात: एक आपल्याच तालुक्यातला, एक आपल्याएवढ्याच पटाच्या शाळेतला, आणि एक निवृत्तीला आलेला, ज्याने लेखापरीक्षणं पाहिली आहेत. अधिवेशनात हे तिघे शोधायचे. जेवणाच्या रांगेत आपल्याच गावच्या मंडळींबरोबर उभं राहिलं तर ते सापडत नाहीत.

लहान चुका, पण नेहमीच्या

उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसून दुपारच्या सत्राला निघून जाणं. कामाची चर्चा दुपारीच होते, परतीची गाडी संध्याकाळची ठेवा.

प्रश्नोत्तरात प्रश्नाऐवजी भाषण करणं. प्रश्न घरून दोन ओळींत लिहून न्या.

सादरीकरण फक्त पेनड्राइव्हवर आणि फक्त पॉवरपॉइंटमध्ये नेणं. सभागृहातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो. पीडीएफ प्रत न्या आणि एक प्रत स्वतःला मेल करून ठेवा.

पुस्तक प्रदर्शनात सवलत पाहून खरेदी करणं. आधी दाखल रजिस्टर पाहा, ते पुस्तक अनेकदा कपाटात असतंच.

तक्रार जेवणात, ठराव शून्य

अर्धवेळ पदाचं पूर्णवेळ व्हावं, ग्रंथपालाला गैरहजर शिक्षकांच्या बदली तासांवर पाठवू नये, वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास असावा, हे विषय प्रत्येक अधिवेशनात जेवताना तावातावाने निघतात आणि खुल्या अधिवेशनात एकही लेखी ठराव येत नाही. पदाधिकारी मंचावरून ‘कोणाचा ठराव?’ विचारतात, तेव्हा हात वर होतात, कागद कोणाकडेच नसतो. नुसत्या बोललेल्या मागणीची पुढे कुठेच नोंद राहत नाही.

ठराव एका पानाचा आणि एकाच मागणीचा असावा. तीन मागण्या एकत्र केल्या की सर्वांत अवघड मागणीबरोबर बाकीच्या दोनही अडकतात. वर विषय, मग सध्याची स्थिती आणि संबंधित शासन निर्णयाचा क्रमांक-तारीख, मग मागणी, आणि ती कोणाकडे पाठवायची त्या अधिकाऱ्याचं पदनाम. खाली सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या, आणि अनुमोदक शक्यतो दुसऱ्या तालुक्यातला घ्या, म्हणजे मागणी एका शाळेपुरती वाटत नाही. हा कागद अधिवेशनाआधी संघटनेच्या सचिवांकडे पोहोचवून पोच घ्या. आयत्या वेळी दिलेले ठराव ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ यात ढकलले जातात आणि तिथवर वेळ उरत नाही. मंजूर झाल्यावर महिनाभराने सचिवांना फोन करून जावक क्रमांक विचारा. तो मिळत नसेल तर ठराव अजून फाईलमध्येच आहे, असं समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा.