डोक्यात बाजार भरलेला असताना जपाला कसं बसायचं

माझं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, तेही रस्त्यावरचं. तेव्हा 'आधी शांत जागा शोधा' हा सल्ला मी कुणाला देत नाही. रिक्षांच्या हॉर्नची कानाला सवय होते. आडवं येतं ते गॅसचं बुकिंग, नणंदेला करायचा राहिलेला फोन आणि संध्याकाळी शिकवणीला येणाऱ्या दहावीच्या मुलांचे न तपासलेले पेपर.

म्हणून पहिलं काम आसनावर बसण्याआधीचं. एखादा पाठकोरा कागद घ्या आणि डोक्यात असेल ते सगळं उतरवा. मोघम नको. 'घरातली कामं' असं लिहिलंत तर मन पाच मिनिटांत विचारायला येतं, कुठली? 'भाजणी दळायला द्यायची, शुक्रवारी' असं लिहा, म्हणजे त्याला विचारायला काही उरत नाही. कागद स्वयंपाकघरात ठेवून या. मोबाइलही तिथेच. तो सायलेंटवर असो नाहीतर पालथा, मांडीशेजारी असला की हात जातोच.

बसल्याबसल्या डोळे मिटून मनातल्या मनात जप सुरू करू नका. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानसिक असे प्रकार आपल्याकडे सांगितलेत, त्याच क्रमाने गेलेलं सोपं पडतं. आधी शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा, मग नुसते ओठ हलवत, आणि मनातलं अगदी शेवटी. एक धोका मात्र सांगून ठेवते, तो पाठ झालेल्या स्तोत्राचा. बडोद्यातल्या मराठी घरांतून गुरुवारी दत्तबावनी म्हणतात. नारेश्वरच्या संत रंगअवधूतांची ही गुजराती रचना, बावन्न ओळींची. ती इतकी तोंडात बसलेली असते की जीभ एकीकडे म्हणत राहते आणि मन खंडेराव मार्केटात भाजी घेऊन येतं! अशा वेळी पाठ येत असलं तरी पोथी उघडून, ओळीवर बोट ठेवून म्हणायचं. वेग आपोआप उतरतो.

जपमाळेपेक्षा मला करमाळा बरी वाटते. माळ ओढत असताना डुलकी लागू शकते, बोटांच्या पेरांवर मोजताना लागत नाही. उजव्या हाताचा अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर ठेवा, हा एक. मग तिचंच खालचं पेर. तिथून करंगळीचं खालचं, मधलं, वरचं. मग अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीचं वरचं, आणि तर्जनीवरून खाली उतरत आणखी दोन. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, त्यांना अंगठा लावायचा नाही. दहांचा हिशेब डाव्या हातावर ठेवायचा; असे दहा फेरे आणि वर आठ म्हणजे 108. मन भटकलं की अंगठा चुकतो, आणि चुकला की लगेच कळतं. कळलं की त्या दहाच्या सुरुवातीला या. स्वतःवर चिडण्यात आणखी वेळ घालवू नका. गीतेच्या सहाव्या अध्यायातला सव्विसावा श्लोक एवढंच सांगतो, की मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणावं. जाऊच देऊ नये, असं तिथे म्हटलेलं नाही.

मन पूर्ण थांबवण्याचा किस्सा आमच्याच गावचा आहे. जानेवारी 1908 मध्ये विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने इथेच श्रीअरविंदांना ध्यानाला बसवलं. सांगणं असं, की विचार करू नका, मनाकडे नुसतं बघा. विचार बाहेरून येताना दिसेल, तो आत शिरण्याआधीच परतवा. अरविंदांना ते तीन दिवसांत साधलं. संसारी माणसाने त्या तीन दिवसांची आस धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण येणारा विचार नुसता बघण्यापुरती युक्ती आपल्यालाही चालते. 'हं, पेपर आले' म्हणायचं आणि अंगठा पुढच्या पेरावर न्यायचा.

पोथी-ग्रंथाचा अभ्यास जपाला लागूनच करा, मध्ये चहाला उठू नका. मुलांना मी परिच्छेद एकदा मोठ्याने वाचायला लावते, मग पुस्तक मिटून त्यात काय होतं ते दोन ओळींत लिहायला सांगते. ज्याला लिहिता येत नाही त्याने वाचलेलं नसतं, नुसती नजर फिरवलेली असते. ज्ञानेश्वरी वाचताना मी स्वतःही हेच करते, रोज मोजक्याच ओव्या. उठताना दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या ओवीपाशी पेन्सिलीची खूण ठेवते, नाहीतर कुठून सुरू करू यातच सकाळ जाते.

नवरात्रात मात्र सगळं पहाटे उरका. रात्री गरब्याचे स्पीकर सुरू झाल्यावर हट्टाने आसन धरून बसण्यात काही अर्थ नाही. ओढणी खोचा, खाली उतरा आणि दोन फेऱ्या मारून या.