सहावीच्या वर्गात स्पॅनिशची सुरुवात, मराठीतून

रत्नागिरी किंवा मालवणकडच्या शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना स्पॅनिश शिकवायला घेणाऱ्या शिक्षकाने खडू हातात घेण्याआधीच एक निर्णय करावा, तो म्हणजे ही भाषा इंग्रजीच्या वाटेने न नेता थेट मराठीतून शिकवण्याचा. इंग्रजीतून समजावले, की मुले नकळत इंग्रजी उच्चार आणि इंग्रजी वाक्यरचना स्पॅनिशवर चढवतात, आणि मग जे मराठी मुलाला जन्मतःच मिळालेले असते, तेच त्याला नव्याने शिकावे लागते.

पहिले तीन आठवडे वह्या दप्तरातच राहू द्याव्यात. स्पॅनिशचे आ, ए, इ, ओ, उ हे पाच स्वर मराठी मुलांच्या तोंडी सहज बसतात आणि 'त' व 'द' हे वर्णही आपल्यासारखेच दातांना जीभ लावून उच्चारले जातात. हे पटवण्यासाठी कागदाची बोटभर रुंद पट्टी तोंडासमोर धरायला सांगावी आणि आधी 'थाळी', मग 'ताट' म्हणायला लावावे. 'थ'ला पट्टी हलते, 'त'ला जवळजवळ स्थिर राहते. ती तशीच स्थिर ठेवून टोमॅटोला 'तोमाते' म्हणता आले, की इंग्रजी वळण सुटले असे समजावे. 'एच' हे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून नमस्काराचा शब्द 'ओला' असा होतो. जुलैत छत्री उलटून भिजत आलेल्या वर्गाला तो वेगळा पाठ करून घ्यावा लागत नाही. कष्ट पडतात ते थरथरत्या 'र'ला. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा', त्यामुळे हा फरक टाळता येत नाही. मुलांना होडीच्या इंजिनाचा आवाज काढायला सांगितल्यास जीभ लवकर सैल होते. 'पाच'ला स्पेनच्या बऱ्याच भागात 'थिन्को' आणि लॅटिन अमेरिकेत 'सिन्को' म्हणतात. बहुसंख्य स्पॅनिश भाषक 'स' वापरतात, म्हणून शिक्षकाने तोच निवडावा आणि वर्षभर बदलू नये.

व्याकरणाची सुरुवात पाठ्यपुस्तकातल्या 'मी आहे, तू आहेस' या तक्त्याने न करता आवडीनिवडीने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. 'मला आंबा आवडतो' याला स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो' म्हणतात. 'मे' म्हणजे 'मला', आणि आवडणारी वस्तू हाच वाक्याचा कर्ता. आंबे अनेक झाले की 'आवडतात' होते, तसेच तिकडे 'मे गुस्तान लोस मांगोस' होते. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो, कारण त्याच्या वाक्यात 'मी' हा कर्ता असतो. आपल्या मुलाला मात्र हे वाक्य उलटे वाटतच नाही. प्रत्येकाने आवडते एक आणि नावडते एक फळ सांगावे. नारळाला 'कोको' म्हणतात हे ऐकून वर्ग हसेल, त्याला हसू द्यावे. कोकमाला 'कोकम'च म्हणू द्यावे.

विशेषण नामाप्रमाणे बदलते, हेही मुलांना ठाऊकच असते. 'पिकलेला' आणि 'पिकलेली' यांतला फरक 'मांगो मादुरो' आणि 'पिन्या मादुरा', म्हणजे पिकलेले अननस, यांत दिसतो. फक्त विशेषण नामाच्या मागून येते, हे फळ्यावर ठळक लिहावे. लिंगे दोनच असली, तरी ती मराठीवरून ताडू नयेत: हात आपल्याकडे पुल्लिंगी, पण 'मानो' स्त्रीलिंगी आहे. समुद्र या अर्थाचा 'मार' सामान्यतः पुल्लिंगी असला, तरी दर्यावर्दी आणि मच्छीमार त्याला स्त्रीलिंगी करून 'ला मार' म्हणतात, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या मुलांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शब्दसंग्रहासाठी पोर्तुगीज उपयोगी पडते, कारण ती स्पॅनिशची सख्खी बहीण असून तिचे शब्द कोकणात शतकानुशतके वापरात आहेत. 'पाव'शी 'पान', 'चावी'शी 'यावे' आणि 'पगार'शी 'पागार', म्हणजे पैसे देणे, हे शब्द जोडून दाखवावेत. सावध राहावे ते 'बटाटा' या शब्दाबाबत, कारण स्पॅनिशमध्ये 'बाताता' म्हणजे रताळे आणि बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता', तर लॅटिन अमेरिकेत 'पापा' म्हणतात.

दुसऱ्या महिन्यात वह्या उघडाव्यात. देवनागरीत लिहिलेला उच्चार महिनाभर चालवून घ्यावा आणि नंतर बंद करावा, नाहीतर मुले रोमन अक्षरे वाचायलाच शिकत नाहीत. प्रश्नाच्या आरंभी उलटे प्रश्नचिन्ह का असते, हे मोठ्याने वाचून दाखवले की आपोआप कळते: आवाज कोठून चढवायचा, याची ती आगाऊ सूचना असते.

पहिल्या सहामाहीत लेखी परीक्षेऐवजी वर्गात मासळीबाजार भरवावा. पाण्यात पोहतो तो 'पेस' आणि पाटीत आला की 'पेस्कादो', हा भेद आधी सांगावा. मग एकाने तारल्यांचा भाव विचारावा, 'कुआन्तो कुएस्तान लास सार्दिनास?' दुसऱ्याने 'दोसिएन्तास रुपिआस' म्हणजे दोनशे रुपये म्हणावे, आणि पहिल्याने 'सोन मुइ कारास', फार महाग आहेत, असे म्हणून पाठ फिरवावी. रुपया तिकडे स्त्रीलिंगी असल्यामुळे 'दोसिएन्तोस' नव्हे, 'दोसिएन्तास' म्हणायचे असते; ही चूक घासाघीस संपल्यावरच दुरुस्त करावी, मध्येच थांबवून नव्हे.